पोला त्री म्हणजे किती

बाईंनी उभा जन्म पोरांना घड्याळ शिकवण्यात घालवला. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी काही डॉक्टर झाले, काही वकील झाले. एक जण तर विमान चालवतो, आणि ते विमान वेळेवर उतरतं याचं श्रेय आपल्या पुठ्ठ्याच्या घड्याळाला आहे, असं बाईंचं प्रामाणिक मत आहे. उशिरा उतरलं तर दोष वाऱ्याचा. ते पुठ्ठ्याचं घड्याळ अजून त्यांच्या कपाटावर आहे. काटे पत्र्याचे, आकडे हाताने काढलेले, आणि सहाचं पोट कुण्या जुन्या विद्यार्थ्याने पेन्सिलने भरून टाकलेलं. अशा बाईंना म्हातारपणी घड्याळ कळू नये, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडण्यातला प्रकार. पण तो घडला.

सुरुवात झाली एका रविवारी दुपारी आलेल्या फोनने.

घरातला तो जुना, वायरचा फोन हल्ली सहसा वाजत नसे. वाजलाच तर पलीकडून एखादी गोड आवाजाची मुलगी विमा काढता का म्हणून विचारी. त्यामुळे बाईंनी 'नको' हा शब्द तोंडात तयार ठेवूनच रिसीव्हर उचलला. पण पलीकडे मुलगी नव्हती. पलीकडून एखाद्या दरीच्या त्या काठावरून हाक मारावी तसा आवाज आला, "मायस्तोरे!"

बाईंना ऐकू आलं, मास्तर रे.

मास्तर म्हटल्यावर त्या सवयीने ताठ झाल्या. वर 'रे' म्हटल्यामुळे दुखावल्याही. तरी म्हणाल्या, "हो. मीच मास्तर."

पलीकडचा माणूस खदखदून हसला आणि न थांबता बोलत सुटला. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं की हा क्रेनवाला.

बाईंचे यजमान फिटर होते. बाई त्यांचा उल्लेख 'हे' असाच करीत, आणि आपणही तसाच करू. लग्नाआधी 'हे' काही वर्षं परदेशात एका धरणावर कामाला होते, तिथे क्रेन चालवणारा एक बोस्नियन त्यांचा जिवलग झाला. धरण बांधून झालं, पाणी भरलं, दोघं आपापल्या घरी गेले. पण फोन चालू राहिले. दोघांची मिळून एक भाषा होती. तिच्यात क्रियापदं कमी आणि नटबोल्ट जास्त. 'हे' मोबाइल घेऊन गच्चीवर जात, तिथून मोठमोठ्याने हसण्याचे आवाज येत, आणि खाली आल्यावर बाईंनी "काय म्हणाला?" विचारलं की 'हे' म्हणत, "दोब्रो म्हणाला. बरं चाललंय."

तीन महिन्यांपूर्वी 'हे' गेले. मोबाइल कुलूपबंद होता आणि त्याची किल्ली ह्यांच्या अंगठ्यात. त्यामुळे क्रेनवाल्याचा नंबरही आत राहिला, आणि त्याला कळवायचंही राहिलं. मोबाइल लागेना म्हणून शेवटी त्याने कुठून तरी हा जुना नंबर शोधून काढला असणार.

हे सगळं बाईंच्या डोक्यातून जाईपर्यंत पलीकडचा माणूस बोलायचा थांबला होता. त्याने काहीतरी विचारलं होतं आणि आता तो उत्तराची वाट बघत होता. त्याच्या प्रश्नात 'मायस्तोर' हा शब्द होता. क्रेनवाला आपल्याला याच नावाने, म्हणजे 'उस्ताद' म्हणून हाक मारतो, असं 'हे' सांगत, म्हणजे प्रश्न ह्यांच्याबद्दलच असणार. बाईंना त्याच्या भाषेतला एकच शब्द येत होता. तो त्या बोलून गेल्या.

"दोब्रो."

"दोब्रो?"

"दोब्रो, दोब्रो," बाई म्हणाल्या.

तो खूश झाला. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "उ नेद्येल्यु. उ पोला त्री. दोब्रो?"

"दोब्रो," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

बाई तिथेच स्टुलावर बसल्या. गेलेला माणूस ठणठणीत आहे असं त्यांनी तीन वेळा सांगितलं होतं, आणि वर त्याची पुढची भेटही ठरवून टाकली होती.

संध्याकाळी लेक बाहेरून आली. ती ग्रंथालयात नोकरीला. दिवसभर पुस्तकांत असल्यामुळे घरी कमी बोलते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, तो नेमकं काय म्हणाला?"

बाईंनी ते शब्द ऐकल्याबरोबर पुठ्ठ्याच्या घड्याळाच्या पाठीवर खडूने लिहून ठेवले होते. काहीही बोला, आपल्या लिपीत लिहिता येतं. कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

"तो पुन्हा फोन करणार," लेक म्हणाली. "कधी करणार ते या शब्दांत आहे."

"कळलं की मी सांगीन त्याला," बाई म्हणाल्या. "त्याच्या भाषेत. मी स्वतः."

शेजारचे बँकवाले याच वेळी दारात उभे होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून ते कुणाशीही काचेपलीकडून बोलल्यासारखे बोलतात, जरा वाकून आणि जरा मोठ्याने. दार उघडं दिसलं की ते आत येतात. बंद दिसलं तर काळजीने आत येतात.

"भाषा कशाला शिकायला हवी?" ते म्हणाले. "माझ्या फोनमध्ये सगळ्या भाषा आहेत. तुम्ही फक्त बोला."

बाईंनी फोनसमोर तोंड नेलं. "माझे यजमान गेले."

फोन परक्या भाषेत काहीतरी म्हणाला. बँकवाल्यांनी खातरजमा म्हणून तेच उलट फिरवून मराठीत आणलं. फोन म्हणाला, "माझा पाहुणचार करणारा मनुष्य पार्टीतून निघाला."

"यजमान नको. देवाघरी गेले म्हणा."

"तो देवळात गेला आहे," फोन म्हणाला.

"हे ऐकलं तर तो विचारेल परत कधी येणार," लेक म्हणाली.

"वारले," बाई म्हणाल्या.

फोनने बराच विचार केला. "वारा सुटला."

"बाई, यंत्राला आडवळणं कळत नाहीत," बँकवाले वाकून म्हणाले. "सरळ मेले म्हणा की."

हा शब्द त्या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता.

"बँकवाले," बाई म्हणाल्या, "हे काय डास होते?"

दुसऱ्या दिवशी बाई परकीय भाषांच्या संस्थेत गेल्या. संस्था एका दाताच्या दवाखान्याच्या वर होती, त्यामुळे जिन्यात खालून कण्हण्याचा आणि वरून क्रियापदं घोकण्याचा आवाज एकाच वेळी येई, आणि कुठला कुठून हे पटकन कळत नसे. खिडकीतल्या कारकुनाने माहितीपत्रक पुढे सरकवलं. 'बोस्नियन, नवशिक्यांसाठी. भाग एक : अभिवादन. भाग दोन : वेळ विचारणे व सांगणे.'

"मला भाग दोन द्या," बाई म्हणाल्या.

"भाग एक केल्याशिवाय भाग दोन मिळत नाही."

"मला कुणाला नमस्कार करायचा नाहीये. वेळ तेवढी कळायला हवी."

"नियम आहे. भाग एक येत असल्याचं दाखवलंत तर गोष्ट वेगळी."

"दोब्रो," बाई म्हणाल्या.

कारकुनाने मान वर केली, जरा विचार केला आणि भाग एकवर 'येतो' असा शिक्का मारला. "शिकण्याचा उद्देश? नोकरी, शिक्षण की विवाह?"

"एका माणसाशी फोनवर बोलायचंय."

"ते यात नाही."

"मग कोरं सोडा."

"कोरं सोडलं तर अर्ज पुढे जात नाही." कारकुनाने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "नोकरीचं वय नाही. शिक्षण म्हटलं तर दाखला लागेल. काय राहिलं?"

"अहो!"

"नुसता उद्देश आहे, बाई. करायलाच पाहिजे असं नाही." आणि त्याने विवाहावर खूण केली.

नेमके बँकवाले 'सोबत म्हणून' बरोबर आले होते आणि काचेपलीकडचं उलटं अक्षर वाचण्यात त्यांची हयात गेली होती. घरी परतेपर्यंत बातमी बाईंच्या आधी जिना चढून गेली. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावर वाट बघत थांबल्या होत्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. "लोक काहीही म्हणोत," काकू म्हणाल्या, "या वयात सोबत लागतेच. करतात काय ते?"

"क्रेन चालवतात," बाई चिडून म्हणाल्या. काकूंना ते कौतुकाने सांगितल्यासारखं वाटलं.

वर्गात शिकणाऱ्या दोघीच होत्या : बाई, आणि नोकरीसाठी तिकडे निघालेली एक नर्स. शिकवणारी मुलगी तिथे काही वर्षं राहून आलेली. तिने आल्या आल्या बाईंना "या आजी" म्हटलं. बाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या वाक्यापासून ती आपोआप 'बाई' म्हणू लागली.

"वेळ विचारताना म्हणायचं, कोलिको ये साती? किती वाजले? आता उत्तर. एक वाजला : येदान सात."

बाईंनी हात वर केला. "एक की सात?"

"एक. सात म्हणजे तास."

"मग सात वाजले तर?"

"सेदाम साती."

"साती कशाला आलं? आत्ता तर सात म्हणालीस."

"एकाला सात. दोन, तीन, चाराला साता. पाचापासून पुढे साती."

"आणि हे कुणी ठरवलं?"

"ठरलेलं आहे, बाई."

बाईंनी नर्सकडे पाहिलं. नर्स निमूटपणे लिहून घेत होती. रुग्णालयात कामाला असल्यामुळे तिला कारण न विचारता पाळायची सवय होती.

"आणि घड्याळालाही सातच म्हणतात," मुलगी म्हणाली. "शाळेतल्या पिरियडलाही सात."

इथे मात्र बाई जरा निवळल्या. "ते ठीक आहे. आपणही तास म्हणजे तास म्हणतो आणि गणिताचा तास म्हणजेही तासच म्हणतो." सबंध दिवसात पाय टेकायला मिळालेली ही पहिली जमीन.

मग आकडे झाले. येदान, द्वा, त्री. त्री आल्याबरोबर बाईंचे कान टवकारले. नेद्येल्या म्हणजे रविवार, हे आठवड्याच्या वारांत निघालं. थोड्या वेळाने मुलीने फळ्यावर एक वर्तुळ काढून त्याच्या मधोमध रेघ ओढली. "पोला. अर्धा." आणि बाईंच्या डोक्यात खटकन कुलूप उघडलं. पोला म्हणजे अर्धा, त्री म्हणजे तीन. रविवारी साडेतीन! आता यात विचारायचं काय? घड्याळ शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने साडेतीन म्हणजे किती हे कालच्या पोरीला विचारायचं? उलट बाईंनी नर्सलाच हळूच समजावून सांगितलं, आणि नर्सने तेही निमूटपणे लिहून घेतलं.

तास सुटल्यावर बाई मागे थांबल्या. "एक वाक्य हवंय," त्या म्हणाल्या. "यजमान... माझे..."

मुलीला कळलं. तिने पुढे विचारलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, मोय मूझ ये ऊम्रो.

"यातलं गेले कुठलं?"

"ऊम्रो."

"आणि आदरार्थी?"

"आदरार्थी नाही. 'तो' म्हणजे तोच."

"म्हणजे ह्यांना एकेरीत?" बाई हादरल्या. इतक्या वर्षांच्या संसारात भांडतानासुद्धा त्यांनी ह्यांना अहो-जाहोच केलं होतं. एकदा रागाच्या भरात "खड्ड्यात जा" म्हणायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून "खड्ड्यात जावं" असं निघालं होतं आणि ह्यांनी दोन्ही हात जोडून "आज्ञा" म्हटलं होतं. भांडण तिथेच संपलं होतं.

"तिकडे कुणाला त्यात उणं वाटत नाही," मुलगी म्हणाली. "म्हणून बघा ना."

"ऊम्रला," बाई म्हणाल्या.

"ऊम्रो. 'ला' लावला की बाई होते."

"आमच्यात 'ला' लावला की पुरुष होतो. आला, गेला, बसला."

"तिकडे उलट आहे."

"तिकडे सगळंच उलट आहे," बाई म्हणाल्या. "मुली, तू आहेस म्हणून बरं."

"रविवारी मी येऊ का, बाई? मी बोलते त्यांच्याशी."

बाईंनी मान हलवली. "ह्यांची बातमी आहे. भाड्याने माणूस लावून सांगायची नाही."

रविवार उजाडला. साडेतीनला फोन येणार म्हणून सगळी आखणी झाली. बँकवाल्यांनी एक रास्त शंका काढली, की साडेतीन त्याचे की आपले? बाई म्हणाल्या, आपलेच. 'हे' सांगत असत की क्रेनवाल्याने त्याच्या स्वयंपाकघरात आपल्या इथल्या वेळेचं एक वेगळं घड्याळ टांगलंय. रोज वजाबाकी करण्यापेक्षा दुसरं घड्याळ टांगणं सोपं. बाईंना ती ह्यांची थट्टा वाटायची. आता मात्र ती खरी असावी अशी फार इच्छा होती.

फोनवर दिसत नाही हे बाईंना मान्य होतं. तरी असली बातमी विस्कटलेल्या केसांनी आणि घरच्या कपड्यांत उभं राहून सांगायची नाही, असं ठरवून त्या वेळ हाताशी ठेवून न्हायला गेल्या. बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ नेमकं बंद पडलं होतं, म्हणून लेक सेल आणायला गेली. फोनपाशी राखणीला बँकवाले बसले. त्यांच्या हातात बाईंच्या धड्याचा कागद होता.

आणि फोन वाजला.

न्हाणीघरातून बाईंना घंटा ऐकू आली, मग बँकवाल्यांचा खणखणीत आवाज. "हॅलो! कोलिको ये साती?"

बाईंनी हातातला तांब्या खाली टाकला. हा माणूस परदेशातून फोन करणाऱ्याला किती वाजले ते विचारत होता.

"चूक!" बँकवाले ओरडले. "एकदम चूक! अडीच! अडीच!... अ-डी-च!... हां. दोब्रो, दोब्रो!"

केसांवर साबणाचा फेस आणि खांद्यावर टॉवेल अशा अवस्थेत बाई बाहेर आल्या तेव्हा बँकवाले समाधानाने रिसीव्हर ठेवत होते. मागोमाग सेल घेऊन लेकही दारात आली.

"मोठा हसरा माणूस आहे हो," बँकवाले म्हणाले. "पण वेळेत कच्चा. मी विचारलं किती वाजले, तर म्हणे पोला त्री. अहो साडेतीन कुठले? माझ्या मनगटावर अडीच! मी सोडला नाही त्याला. त्याच्याकडून तीनदा अडीच म्हणवून घेतलं."

"आणि दोब्रो कशाला म्हणालात?"

"तो शेवटी काहीतरी मायस्तोर-मायस्तोर म्हणून विचारत होता. कागदावर एवढंच एक उत्तर सापडलं."

डोळ्यात साबण जात होता. 'हे' ठणठणीत असल्याचं आता शेजाऱ्यानेही प्रमाणित केलं होतं.

"पुढच्या नेद्येल्युला करतो म्हणाला," बँकवाले जरा खालच्या आवाजात म्हणाले. "तेवढं मला कळलं."

सोमवारी बाई संस्थेचा जिना चढल्या त्या तक्रार घेऊनच. "साडेतीनला करतो म्हणाला आणि अडीचला केला."

"काय म्हणाले होते?"

"पोला त्री."

"मग बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "पोला त्री म्हणजे अडीच."

"त्री म्हणजे तीन ना?"

"हो. पण तिसरा तास अर्धा झालेला. दोन पूर्ण, तिसऱ्यातला अर्धा."

"दोन झालेले आहेत, तीन व्हायचेच आहेत, आणि नाव तिनाचं?"

"हो."

"असं का?"

"असतं तसं, बाई," मुलगी म्हणाली.

बाई जिना उतरू लागल्या. 'असतं तसं' हे उत्तर त्यांच्या फार ओळखीचं होतं. दरवर्षी वर्गात एखादं तरी पोर उठून विचारी, बाई, साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेदोन का नसतं? आणि बाई दरवर्षी सांगत, नसतं म्हणून नसतं, खाली बस. दरवर्षीचं ते पोर तोंड पाडून खाली बसे. ती सगळी पोरं आज दाताच्या दवाखान्याच्या जिन्यात ओळीने उभी राहून आपल्याकडे बघताहेत असं बाईंना वाटलं.

रात्री जेवताना त्यांनी लेकीला सांगितलं. "काय अडाणी पद्धत आहे बघ. अडीचला तिनाचं नाव."

लेक घास थांबवून म्हणाली, "आई, अडीच शब्द कुठून आला?"

"कुठून म्हणजे? अडीच म्हणजे अडीच."

"अर्धतृतीय. तिसरा अर्धा. बोलून बोलून झिजला आणि त्याचा अडीच झाला. तुमच्या पाढ्यांतली औटकीसुद्धा तीच. औट म्हणजे चौथा अर्धा, साडेतीन."

बाईंनी लहानपणी पाठीवर धपाटे खाऊन अडीचकी आणि औटकी पाठ केली होती आणि मोठेपणी ती शेकडो पोरांकडून पाठ करून घेतली होती. त्यांनी मनात हिशोब करून पाहिला. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. तो बोस्नियन बापडा मराठीच बोलत होता. आपल्यालाच ते कळलं नाही.

"हे तुला आधी सांगता येत नव्हतं?"

"तू मला विचारलंस कुठे?" लेक म्हणाली. मग थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, "बाबांना माहीत होतं. मी एकदा त्यांना सांगितलं होतं, तर म्हणाले, आमचा क्रेनवाला पण असंच मोजतो."

बाईंनी तिच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. तिने तो खाल्ला.

तिसऱ्या रविवारी कुणी न्हायला गेलं नाही. सेल घातलेलं घड्याळ भिंतीवर चालू होतं. बँकवाल्यांना काहीही बोलायचं नाही या अटीवर खुर्ची मिळाली होती. वरच्या काकू 'अशा वेळी घरात बाईमाणूस असावं' म्हणून आल्या होत्या आणि कुठली वेळ आहे हे त्यांना समजावून सांगायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. बाई स्टुलावर बसून पुटपुटत होत्या. मोय मूझ ये ऊम्रो. ला नाही, रो. मोय मूझ ये ऊम्रो.

अडीच वाजले. फोन वाजला नाही.

अडीच वाजून गेले. "परत चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "अडीचही नसणार. आणखी काहीतरी असेल."

लेकीने पुढे वाकून पाहिलं. रिसीव्हर फोनवर तिरका बसला होता. सकाळपासून फोन पुसून लखलखीत करणाऱ्याने तो नीट ठेवला नव्हता. बँकवाल्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं, अट आठवून मिटलं आणि खिशातलं फडकं आणखी आत कोंबलं. लेकीने रिसीव्हर सरळ केला, आणि तिचा हात दूर होण्याआधीच घंटा खणखणली.

"मायस्तोरे!"

बाई उभ्या राहिल्या. घोकलेलं सगळं वाक्य जिभेवर होतं. मोय आठवलं. मूझ आठवलं. पण 'माझा नवरा' असं बाईंनी मराठीत कधी कुणाला म्हटलं नव्हतं, ते परक्या भाषेत कुठून निघणार? त्याने ज्या नावाने हाक मारली होती तेच त्यांनी उचललं.

"मायस्तोर," त्या म्हणाल्या. "मायस्तोर... ऊम्रला."

म्हणताक्षणी त्यांना कळलं. ला. ह्यांची त्यांनी बाई करून टाकली होती.

पलीकडे काहीच आवाज नव्हता. लाइन तुटली की काय म्हणून बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मग अगदी हळू, दरीच्या त्या काठावरून नव्हे तर जवळून, शेजारी बसल्यासारखा आवाज आला.

"ऊम्रो."

तो चूक सुधारत होता. शाळेत बाई ज्या आवाजात सुधारीत, त्याच आवाजात.

"ऊम्रो," बाई म्हणाल्या. या वेळी बरोबर आलं.

"ऊम्रो," तो पुन्हा म्हणाला, स्वतःशीच. मग विचारलं, "कादा?"

कादा म्हणजे केव्हा. हे भाग दोनमध्ये होतं. त्याला तारीख हवी होती, महिना हवा होता, हे कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. पण महिने पुढच्या भागात होते. बाईंना फक्त वेळ सांगता येत होती. म्हणून त्यांनी वेळ सांगितली.

"शेस्त इ पेतनाएस्त," त्या म्हणाल्या. सहा आणि पंधरा. सव्वासहा. "उयुत्रो." सकाळी.

त्याने मध्ये "काय?" म्हटलं नाही. "शेस्त इ पेतनाएस्त," तो सावकाश म्हणाला, आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर तो बराच वेळ बोलला, खाली बघून बोलणारा माणूस बोलतो तसा. बाईंना त्यातला एकच शब्द ओळखता आला. सात. तो दोनदा आला. तास म्हणाला, की घड्याळ म्हणाला, की आणखी काही, हे कळलं नाही. तो बोलेपर्यंत त्या ऐकत राहिल्या आणि मध्ये मध्ये "हो, हो" म्हणत राहिल्या.

शेवटी तो थांबला. नाक ओढलं. मग, आधीसारखंच, पण विचारावं तसं म्हणाला, "उ नेद्येल्यु? उ पोला त्री?" आणि बाई काही बोलायच्या आत, तुटक तुटक, "अ-डीच?"

बाईंनी बँकवाल्यांकडे पाहिलं. हा शब्द त्याला ह्यांनी शिकवला होता, की गेल्या रविवारी या गृहस्थांनी ओरडून गळी उतरवला होता? विचारण्याइतकं बोस्नियन बाईंना येत नव्हतं.

"अडीच," त्या म्हणाल्या. "दोब्रो."

रिसीव्हर त्यांनी नीट, सरळ ठेवला. लेकीने त्यांना पाणी आणून दिलं आणि स्वतःही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मग?" वरच्या काकू पुढे झाल्या. "काय ठरलं?"

"पुढचा रविवार ठरला," बाई म्हणाल्या.

"आणखी एक रविवार?" बँकवाल्यांना अट पाळणं अशक्य झालं. "अहो, सांगायचं ते सांगून झालं की! आता कशाला?"

बाईंनी पदराने डोळे पुसले, उठून कपाटावरचं पुठ्ठ्याचं घड्याळ खाली काढलं आणि पाठीवरचा खडू पुसून टाकला.

"तास आहे," त्या म्हणाल्या. "महिने शिकायचे राहिलेत."